काळजाची लाईन आणि बेडकाचा हात

आमच्या वस्तीतला मी पहिला पदवीधर. विषय प्राणिशास्त्र, पण वस्तीला विषयाशी काही घेणं नव्हतं. बी.एस्सी. झालेल्या माणसाला सगळं कळतं असा लोकांचा समज होता, आणि तो दूर करावा असं मला कधी वाटलं नाही. रेशनकार्डाचा अर्ज, औषधाच्या पाकिटावरचं इंग्रजी, कुणाच्या गुडघ्याचा एक्स-रे, सगळं माझ्याकडे यायचं. एक्स-रे मी उजेडाकडे धरायचो. तो उजेडाकडे धरायचा असतो एवढं मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. तरी थोडा वेळ बघून मी म्हणायचो, "हाड शाबूत दिसतंय," आणि माणूस समाधानानं घरी जायचा.

खरं तर तीन वर्षांत मी आतून पाहिलेले जीव मोजकेच होते. गांडूळ, झुरळ, उंदीर आणि बेडूक. माणूस अभ्यासक्रमात नव्हता. बेडकाशी मात्र माझी चांगली ओळख झाली होती. मेणाच्या ट्रेमध्ये त्याला उताणा टाचून, कातडी बाजूला करून, एकेक नस सोडवत जायचं आणि शेजारच्या जर्नलमध्ये आकृती काढायची. ही विद्या मला आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी दिली. मी खेड्यातल्या शाळेतून आलेला, इंग्रजीत गडबडणारा मुलगा. पण माझ्या हातात रेघ आहे हे त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं. नावांच्या रेघा पट्टीनं मारायच्या, एकीनं दुसरीला छेदायचं नाही, हे त्यांनी शिकवलं. आणखी एक गोष्ट ते दर प्रॅक्टिकलला सांगायचे. "ट्रेमध्ये दिसतंय तेवढंच काढा. पुस्तकात आहे म्हणून काढलंत तर मला कळतं." त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. त्यांची ही एक गोष्ट मात्र मी एकदा विसरलो, त्याचीच ही हकिकत.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. नगर शहर संपून नागापूरचे कारखाने सुरू होतात, त्याच्या अलीकडे, सीना नदीच्या पुलाआधी आमची वस्ती. वडील, म्हणजे आमचे आबा, पुलापलीकडच्या एका वर्कशॉपात लेथवर होते. रोज सायकलवर जायचे. मी शहरातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला लागलो होतो. बेडूक आणायचे, बेशुद्ध करायचे, मुलांपुढे ठेवायचे. वस्तीत सांगताना मी "कॉलेजात आहे" एवढंच सांगायचो. लोक उरलेलं स्वतः भरून घ्यायचे.

अशात वस्तीत एक सर आले. राहात्याकडचे, घरचा पेरूचा व्यापार. पण त्यांचं मन पेरूत रमलं नाही. कलकत्त्याला एका चिनी म्हाताऱ्याकडे त्यांनी दोन विद्या शिकून घेतल्या होत्या, एक लढायची आणि एक बरं करायची. आले तेव्हा ते कलकत्त्याला सहा महिने राहिलेले होते. दिवाळीपर्यंत त्या सहा महिन्यांची त्यांच्या बोलण्यात दोन वर्षं झाली. अंगात काळा चिनी सदरा, शिंप्याला चित्र दाखवून शिवून घेतलेला, बटणांच्या जागी कापडाच्या गाठी. त्यातली पोटावरची गाठ कायम सुटलेली.

दर रविवारी सकाळी समाजमंदिरासमोरच्या मैदानात त्यांचा वर्ग भरायचा. कराटे वगैरे बाहेरची मारामारी, आमची आतली, असं ते सांगायचे. आतली म्हणजे काय, तर तीस-चाळीस कामगार रांगेत उभे राहून अगदी सावकाश हात पुढे-मागे करायचे, तळ्यात बसलेली म्हैस ढकलून बाहेर काढावी तसे. शरीरात ताकद वाहणाऱ्या वाहिन्या असतात, चिनी शास्त्रात त्यांना मेरिडियन म्हणतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या रविवारी वस्तीनं त्या शब्दाची सोय लावली. सगळे 'लाईन' म्हणू लागले. पोटाची लाईन, मूत्रपिंडाची लाईन, काळजाची लाईन. दिवसभर मशिनींत काम करणारी माणसं. लाईन ट्रिप होते, लोड येतो, फॉल्ट शोधावा लागतो, हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

शेवटी एक प्रयोग असायचा. सर दोन हातांवरून तळवा पुढे करायचे, नाकातून आवाज काढायचे, आणि समोरचा शिष्य न शिवता मागे पडायचा. पडायची जागाही ठरलेली, जिथं खडी कमी होती. एकदा त्यांनी मला उभं केलं. तळवा आला, आवाज आला, मी उभाच. पुन्हा एकदा झालं. मग ते लोकांकडे वळून म्हणाले, "यांच्या लाईनी बंद झाल्यात. लई शिकलं की होतं असं."

सगळे हसले. मीही हसलो. मनातून मला बरंच वाटलं होतं. मी लई शिकलोय हे चारचौघांत जाहीर झालं होतं.

मला आश्चर्य वाटलं ते आबा त्या रांगेत उभे राहिले याचं. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली घरातले देव नदीत सोडले, तेव्हा आबा दहा-अकरा वर्षांचे होते. अंगारा, गंडा, देवऋषी यातलं काहीही त्यांनी पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. मला गोवर निघाला तेव्हा शेजारणीनं आणलेला लिंबाचा पाला त्यांनी बकरीला घातला होता, असं आई सांगायची. पण या सरांनी पहिल्याच भाषणात सांगून टाकलं होतं, की ही विद्या मुळात चिन्यांची नाही; आपल्याच देशातला एक भिक्खू ती तिकडे घेऊन गेला. त्या वाक्याला समाजमंदिरात मांडी घालून बसलेली सगळी माणसं ताठ झाली. आबा सगळ्यांत ताठ.

"देवऋषी सोडला आणि चिनी देवऋषी धरला," असं मी घरी म्हणालो.

"देवऋषी अंगात आनायचा," आबा म्हणाले. "ह्यो अंगातलंच दाखवतोय. आन आपल्या मानसाची विद्या हाय. तुला इज्जत न्हाई त्याची."

बी.एस्सी.ला असल्या प्रश्नांची उत्तरं नसतात.

एके दिवशी सर आमच्या घरी आले. हातात आठ घड्या घातलेला कागद. शरीरातल्या सगळ्या लाईनींचा चिनी नकाशा, झेरॉक्सचा झेरॉक्स. त्यांना तो मोठा करून कापडावर हवा होता आणि वस्तीत चित्र काढणारा मीच होतो. आबा कॉटवर बसून बघत होते. मी नाही म्हणू शकलो नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं. एवढं मोठं, दारासारखं पांढरं मांजरपाट माझ्या हाताला कधी मिळालं नव्हतं.

आठ दिवस मी ते काम केलं. उभा पुरुष, तळवे पुढे. एकेक लाईन वेगळ्या रंगात, ठिपके, नावांच्या रेघा पट्टीनं मारलेल्या, एकही दुसरीला न छेदणारी. सगळं जमलं, पण एका ठिकाणी अडलं. काळजाची लाईन बगलेतून निघायची आणि तिथंच कागदाची घडी आली होती. शाई उडालेली. बगलेखाली संपूर्ण हात कोरा.

"ही पुढं कुठं जाते, सर?"

"हातात जाते."

"हातात कुठपर्यंत? कोणत्या बोटाला?"

सरांनी स्वतःचा हात पालथा-उताणा करून पाहिला. "बी.एस्सी., तुम्ही आतलं बघितलेलं माणूस. तुम्हीच करा की पुरी."

आतलं मी बेडकाचं बघितलेलं होतं. त्याच्या पुढच्या पायात उतरणारी एक मोठी नस असते. शंभरदा काढलेली; डोळे मिटून काढली असती. तीच मी त्या माणसाच्या हातात उतरवली. बगलेतून दंडाच्या आतल्या बाजूनं, कोपराला वळसा देऊन खाली. बेडकाच्या त्या पायाला बोटं चारच असतात. शेवटच्या बोटाकडे जाणारी फांदी घेतली आणि माणसाच्या करंगळीवर नेऊन सोडली. एक बोट जास्त होत होतं, ते मधल्यामध्ये जिरवलं. लाल रंगात फार सुरेख दिसली.

खाली कोपऱ्यात मी बारीक अक्षरात सही केली. सर म्हणाले, सही मोठी पाहिजे. मग माझं नाव आणि पुढे 'बी.एस्सी. (प्राणिशास्त्र)' असं चार बोटं उंचीचं लिहिलं. समाजमंदिरात नकाशा लागला तेव्हा लोकांनी आधी ते वाचलं आणि मग लाईनी पाहिल्या. "आपल्या पोरानं तपासून काढलाय," असं एकजण दुसऱ्याला सांगताना मी स्वतः ऐकलं.

कॉलेजात मी हा किस्सा रंगवून सांगायचो. वस्तीतली चाळीस माणसं दर रविवारी बेडकाची नस दाबून काळीज मजबूत करतायत, असं म्हटलं की चहा पिणाऱ्यांना ठसका लागायचा. घरी मात्र मी हे बोललो नाही. त्या सहीपुढे आबा रविवारी मुद्दाम दोन मिनिटं उभे राहायचे.

पावसाळा संपता संपता आबांचा डावा हात दुखू लागला. रोज नाही. कामावर जाताना पुलाचा चढ लागला, वारा समोरून असला की दुखायचा. उतरून थांबलं की राहायचा. त्यांनी मला सांगितलं नाही, सरांना सांगितलं. सरांनी त्यांना नकाशासमोर उभं केलं आणि विचारलं, दाखवा कुठून कुठपर्यंत. आबांनी बगलेपासून करंगळीपर्यंत बोट फिरवलं. सरांनी लाल रेघेवर छडी ठेवली.

"काळजाची लाईन आडलीय."

मग दर रविवारी आणि मध्ये बुधवारी आबा समाजमंदिरात सतरंजीवर आडवे व्हायचे आणि सर लाकडी खुंटीनं त्यांचा हात बगलेपासून करंगळीपर्यंत दाबत जायचे. अर्ध्या तासानं आबा उठायचे, हात हलका झालेला असायचा. अर्धा तास आडवं पडल्यावर तो तसाही झाला असता.

हे कळलं तेव्हा मला सांगणं भाग पडलं. आई चुलीपाशी होती. आबा जेवत होते.

"आबा, ती लाईन खोटी आहे. कागदावर घडी होती, तिथं काही दिसत नव्हतं. मी मनानं काढली. बेडकाची नस आहे ती."

आबांनी घास गिळला. "बेडकाची आसंल. पन दुखतंय तर तितंच."

"त्याला कारण आहे. तिथून एक नस खरोखर जाते. माणसाच्याही हातात असते. कोपराला वरच असते, म्हणून कोपर आपटलं की करंगळीत झिणझिण्या येतात. तुम्ही लेथवर कोपर टेकवून काम करता. नस दबते. काळजाचा काही संबंध नाही."

"सर तर म्हनत्यात, काळीज."

"सरांनी काळीज बघितलंय का कधी?"

"तू बघितलंय?"

"बघितलंय."

"बेडकाचं," आई चुलीजवळून म्हणाली.

पुढच्या रविवारी मी सरांना सगळ्यांसमोर गाठलं. आता थोडं भांडण व्हायलाच हवं होतं. मी म्हणालो, मी शरीर उघडून बघितलेलं आहे, तुमच्या लाईनी आत कुठंही नसतात. नसा असतात, रक्तवाहिन्या असतात, लाईन नसते.

सर शांतपणे म्हणाले, "बी.एस्सी., तुम्ही जिवंत उघडता का मेलेलं?"

"बेशुद्ध करून."

"म्हंजे लाईट बंद करून. लाईट गेल्यावर तारेत करंट दिसंल का?"

मैदानातली सगळी माणसं कारखान्यातली. मान हलली सगळ्यांची. करंट गेला तरी तार तर दिसते, हे उत्तर मला सुचलं, पण घराच्या दारात चप्पल काढताना. मी ते आईला ऐकवलं. आई म्हणाली, "बरं सुचलं. खा आता."

भांडणात मी हरलो म्हणून उपचारात जिंकायचं ठरवलं. आबांच्या कोपराखाली मऊ काहीतरी पाहिजे. मी माप घेतलं, कागदावर आकृती काढली, आणि आईकडून जुन्या लुगड्याच्या सहा पदरांची एक गादी शिवून घेतली, बांधायला नाडीसकट. आबा माझ्या शब्दाचा मान राखणारे. रोज गादी बांधून कामाला जाऊ लागले. आणि सरांचाही मान राखणारे, म्हणून बुधवार-रविवार खुंटीही चालूच. त्यांच्या एका हातावर दोन शास्त्रं चालू होती आणि हात दुखायचा तो दुखतच होता. थोडं दुखणं राहिलं की मी म्हणायचो, गादी अजून वर सरकवा. सर म्हणायचे, अजून खोल दाबावं लागंल.

आई काही दिवस बघत होती. मग एका सकाळी ती मला म्हणाली, "तुजा बाप हल्ली पुलाला सायकलीवरनं उतरतो. हातात घिऊन चढतो. चढताना बोलत न्हाई."

"हात दुखतो म्हणून."

"सायकल ढकलाया तोंड लागतं व्हय? दम लागतोय त्यांना. तुमी दोघं एका रेघंवरनं भांडताय. मानसाकडं कुनी बघाया न्हाई."

मी तिला नस, कोपर, लेथ हे सगळं पुन्हा समजावलं. ती शिकलेली नव्हती, म्हणून मी सोप्या भाषेत समजावलं. ती ऐकून घेऊन पाण्याला गेली. या एका गोष्टीची मला अजून लाज वाटते. बाकीच्या गोष्टींवर मी हसू शकतो.

मग तो रविवार आला. शेजारच्या दोन वस्त्यांतली माणसंही बघायला आलेली, म्हणून सर मोठ्या प्रयोगाच्या तयारीत. पोटावरची गाठही त्या दिवशी बांधलेली. नेहमीचे शिष्य नेहमीच्या जागी पडून झाले. मग कुणीतरी मागून म्हणालं, हे तर ठरलेले गडी आहेत. सर म्हणाले, मग वडीलधारं माणूस घेतो, खोटं न बोलणारं. त्यांनी आबांना पुढे बोलावलं.

आबा सकाळपासून गप्पच होते. पुढे गेले, उभे राहिले. मी कडेला हाताची घडी घालून उभा होतो. आबा पडणार नाहीत याची मला खात्री होती. त्या मैदानात न पडणारी दोनच माणसं, एक मी आणि एक माझा बाप, असं मी मनाशी म्हणतही होतो.

सरांनी तळवा उचलला. आवाज काढायच्या आधीच आबा गुडघ्यांवर आले आणि कुशीवर आडवे झाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या, कारण आबा खडीत पडले होते. ठरलेला माणूस खडीत पडत नाही. सर स्वतःच्या तळव्याकडे बघत होते. मला काय वाटलं ते सांगतो. मला राग आला. सरांचा मान राखायला आबा पडले, पोराला चारचौघांत खोटं पाडलं, असं वाटून मी तोंड फिरवलं. वडील जमिनीवर होते आणि मी समाजमंदिराच्या भिंतीकडे बघत होतो.

टाळ्यांतून वाट काढत आई धावली. तिनं आबांचं तोंड स्वतःकडे वळवलं, कपाळाला हात लावला आणि ओला हात मला दाखवला. "घाम बघ," एवढंच म्हणाली. हवा थंड होती. कुणालाही घाम येण्यासारखी नव्हती.

त्यानंतर मी काही केलं नाही. केलं ते सरांनी. त्यांनी आबांना उचललं, रस्त्यावर जाऊन एका टेम्पोला आडवे गेले आणि आम्ही शहरातल्या दवाखान्यात गेलो. वाटेत आबांचा हात सरांच्या मांडीवर होता. सवयीनं त्यांनी दोनदा करंगळी धरली आणि दोनदा सोडली. दवाखान्यात नर्सनं त्यांच्या काळ्या सदऱ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही नाटकातले का? बाहेर थांबा."

ई.सी.जी.ची पट्टी काढली. हृदयविकाराचा झटका होता. डॉक्टर तरुण बाई होत्या, पण माणूस त्यांना घाबरेल अशा. औषधं चालू झाल्यावर, आबांना जरा बोलता येऊ लागल्यावर त्यांनी विचारलं, "बाबा, आधी कधी दुखलं होतं? कुठं दुखायचं?"

आबांनी उजव्या हाताचं बोट डाव्या बगलेला लावलं. तिथून दंडाच्या आतल्या बाजूनं, कोपराला वळसा देऊन, मनगटावरून करंगळीच्या टोकापर्यंत आणलं. सावकाश, एकही जागा न चुकवता. इतके महिने नकाशासमोर उभं राहून त्यांना ती पाठ झाली होती.

"चढ चढताना दुखायचं? थांबलं की राहायचं?"

"व्हय."

"इतकं नेमकं मला कुणी सांगत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कुणी शिकवलं तुम्हाला?"

आबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यानंच काडलीय ती लाईन. बी.एस्सी. हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आधी कौतुक होतं. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस होतंय हे?" मी म्हणालो, तीन महिने. कौतुक गेलं. "एवढं नेमकं माहीत होतं, मग आणलं का नाहीत?"

मी कोपराची नस सांगितली असती; ती खरी आहे. बेडूकही सांगितला असता. पण कॉटच्या लोखंडी कडेला आबांचे कपडे ठेवले होते आणि त्यात, रविवार असूनही बांधलेली, नाडीसकट ती गादी होती.

त्यांनीच मग समजावलं. काळजाच्या दुखण्याच्या नसा आणि हाताच्या या आतल्या बाजूच्या नसा पाठीच्या कण्यात एकाच ठिकाणी शिरतात. हाक काळजाची असते. मेंदूला वाटतं हातानं मारली. मी मान हलवली. हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. बेडूक काही सांगत नाही. आणि सांगत असला, तरी आम्ही त्याला आधी बेशुद्ध करायचो.

बाहेर पायरीवर सर बसले होते. पोटावरची गाठ पुन्हा सुटलेली. मला बघून उठले.

"मला खरंच वाटलं, माझ्यामुळं पडले," ते हळूच म्हणाले.

चेहऱ्यावर भीती होती. आणि थोडा, अगदी थोडा, अभिमान होता. तो जायला तयार नव्हता. मला त्यांचा फार राग यायला हवा होता. पण हातात उतरणारी रेघ बघून त्यांनी निदान काळजाचं नाव घेतलं होतं. नाव काळजाचं घेऊन ते करंगळीशी बसले आणि मी नस बरोबर ओळखून कोपराशी बसलो. वर छातीपर्यंत दोघांतलं कुणीच गेलं नाही.

आबा वाचले. दहा दिवसांनी घरी आले. वर्कशॉपानं त्यांना लेथवरून काढून हत्यारं देण्याच्या खिडकीवर बसवलं. पुलावरून आता ते सायकलनं जात नाहीत, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जातात, आणि त्याची त्यांना अजून थोडी शरम वाटते.

वस्तीनं या सगळ्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं. सरांनी आधीच काळीज सांगितलं होतं, हे सगळ्यांना आठवलं. सरांच्या वर्गाला दोन रांगा वाढल्या. नकाशातली काळजाची लाईन खरी निघाली, ती आपल्या बी.एस्सी.नं काढली, हेही आठवलं. माझी गादी तेवढी कुणाला आठवली नाही. मी नकाशा उतरवायला गेलो तेव्हा लोकांनी मला अडवलं, आणि मग घरून आबांचा निरोप आला, काढू नको, खाली लिही.

म्हणून मी रंग घेऊन बसलो. लाल रेघेखाली लिहायचं वाक्य मी ठरवलं होतं: 'चढताना येथे दुखत असेल व थांबल्यावर राहत असेल तर दाबत बसू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे.' सर मागे उभे होते. ते म्हणाले, "'दाबत बसू नये' कशाला? 'दाबून झाल्यावर दवाखान्यात जावे' असं लिहा ना."

आम्ही त्यावर पाऊण तास भांडलो. शेवटी आईला बोलावणं गेलं. तिला अक्षर येत नव्हतं. दोन्ही वाक्यं मी वाचून दाखवली. ती सरांना म्हणाली, "सर, तुमी दाबत बसला तवा ह्यांना घाम आला हुता का न्हाई, तुमी बघितलं का?" सर पोटावरची गाठ बांधू लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आन तू?"

माझं वाक्य कायम राहिलं. त्याखालची माझी पदवी मी टर्पेंटाईननं पुसायचा प्रयत्न केला. मांजरपाटानं रंग पिऊन टाकला होता. नाव फिकं झालं, 'बी.एस्सी.' तेवढी नीट वाचता येते.

पुढे काही वर्षांनी शहरातल्या एका दुकानात मला तोच चिनी नकाशा दिसला, छापील, स्वच्छ, घडी नसलेला. मी काचेला नाक लावून काळजाची लाईन शोधली. बगलेतून निघून, दंडाच्या आतल्या बाजूनं, ती करंगळीलाच गेली होती. माझ्या रेघेत आणि त्या रेघेत फार तर बोटभर फरक. दुकानदारानं विचारलं, दाखवू का. मी नको म्हणालो. आमच्या सरांना हा नकाशा दाखवला असता तर ते खूश झाले असते, म्हणाले असते की बघा, चुकून का होईना, खरं आलं. प्राणिशास्त्राच्या सरांना दाखवायची मात्र माझी छाती झाली नसती. त्यांनी एकच विचारलं असतं, की ट्रेमध्ये दिसत होतं का.

लुगड्याची गादी आईनं टाकली नाही. नाडी काढली, पुन्हा एकदा टीप मारली, आणि चुलीवरचं तापलेलं पातेलं उतरवायला तिथंच खिळ्याला अडकवून ठेवली. दोन्ही बाजूंनी करपलीय आता. आबांना औषधाच्या गोळीआधी गरम दूध लागतं. ते उतरवताना आई ती गादी घेते. मी घरी असलो की मुद्दाम मला हाक मारते, "ये, ती तुजी गादी दे हिकडं," आणि मी उठून देतो.